घरातला व्हाळ: बायोटोप टँक लावताना मी काय शिकलो

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' बरेचसे काढलेत. सगळे नाही निघाले, सांभाळून घ्या.)



मागच्या महिन्यात मी माझ्या फिश टँकचा एक छोटा व्हिडिओ टाकला होता. त्यावर सगळ्यात जास्त आलेली कमेंट कुठली, माहितीये? "भाऊ, पाणी बदल की, घाण झालंय." दुसरा नंबर, "झाडं कुठायत?" आणि तिसरा, "एवढ्या मोठ्या टँकमध्ये फक्त आठ मासे? पैसे संपले का?"

तर आजचा एपिसोड या तीन कमेंट्सचं उत्तर आहे. पाण्याला फिक्या चहासारखा रंग आहे, तो तळाशी पडलेल्या सुक्या पानांचा. झाडं कमी आहेत, कारण मी ज्या जागेची नक्कल केलीय तिथे झाडं कमीच आहेत. आणि मासे आठ का, त्याच्या मागे मेलेले नऊ मासे आहेत. तिथूनच सुरुवात करतो.

नऊ मासे

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात पहिली नोकरी, भाड्याचा टू बीएचके, रूममेट आणि मी. दिवाळीला आईच्या माहेरी गेलो होतो, सिंधुदुर्गात. घराच्या मागे उतरलं की व्हाळ आहे. व्हाळ म्हणजे ओढा, आमच्याकडे व्हाळच म्हणतात. लहानपणी सगळी मे महिन्याची सुट्टी त्यात गेलेली.

मामेभावाला घेतलं, आजोबांचा पंचा घेतला आणि दोघांनी मिळून पंच्यात नऊ छोटे मासे पकडले. चांदीसारखे, अंगावर निळसर पट्टे. पाच लिटरच्या कॅनमध्ये टाकले. आजोबा पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "झिला, व्हाळातले मासे कॅनात कशे जगतले?" मी म्हटलं, "आजोबा, टाकी घेणारे मी, एकदम मोठी."

रात्रीच्या एसटीत दोन मेले. सकाळी पुण्यात उतरल्यावर थेट दुकानात गेलो. दीड फुटी टँक, निळे खडे, प्लास्टिकचा किल्ला, एक फिल्टर. नळाचं पाणी भरलं, क्लोरीन घालवायचे थेंब टाकले आणि उरलेले सात मासे सोडले. दोन दिवस सगळं मस्त. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. दुकानात विचारलं, तर त्यांनी निळं औषध दिलं. तेही टाकलं. पाचव्या दिवशी टँकमध्ये फक्त किल्ला उरला होता.

आजोबांना फोन केला. खोटं बोलावंसं वाटलं, पण बोललो नाही. ते ओरडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "माशांका पाणी दिलंस, पण व्हाळ खंय दिलंस?"

पाणी दिलंस, पण ओढा कुठे दिलास? बायोटोप म्हणजे काय, याची यापेक्षा सोपी व्याख्या मला नंतर कुठे सापडली नाही.

बायोटोप म्हणजे नक्की काय

निसर्गातली एक ठरावीक जागा घ्यायची आणि तिथली वाळू, दगड, पानं, पाणी, प्रवाह, उजेड आणि मासे या सगळ्याचा एकमेकांशी मेळ असलेला टँक घरी लावायचा. आशिया खंड किंवा भारत ही जागा झाली नाही. 'कोकणातल्या ओढ्याचं वळण, नोव्हेंबर महिना', ही झाली जागा.

बरेच जण इथे नेचर ॲक्वेरियमशी गल्लत करतात. जपानचे ताकाशी अमानो, २०१५ मध्ये ते गेले, त्यांनी ती शैली जगभर नेली. हिरवीगार झाडं, दगडांची रचना, एखाद्या डोंगराच्या चित्रासारखं. सुंदरच असतं. पण तिथे आफ्रिकेचं झाड, जपानची कोळंबी आणि ॲमेझॉनचा मासा एकत्र असले तरी चालतं. बायोटोपमध्ये तुम्हाला आवडतो म्हणून मासा घ्यायचा नाही. तो मासा त्या जागेत राहतो का, एवढाच प्रश्न.

आणि हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एक उदाहरण सांगतो. दुकानात 'डेनिसन बार्ब' मिळतो, अंगावर लाल आणि काळी रेघ असलेला. त्याच्या वंशाचं शास्त्रीय नाव आहे सह्याद्रिया. २०१३ मध्ये राजीव राघवन, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा नवा वंश मांडला. नाव ऐकून मला वाटलं, चला, आपलाच मासा! पण तो केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या ओढ्यांचा. आणि एक्सपोर्टसाठी इतका पकडला गेला की आययूसीएनच्या यादीत तो 'एन्डेंजर्ड', म्हणजे संकटग्रस्त आहे. माझ्या व्हाळात तो कधीच नव्हता. म्हणून माझ्या टँकमध्येही नाही.

उलट आपल्या माशांची एक भारी गोष्ट ऐका. कर्नल साइक्स नावाचा ब्रिटिश अधिकारी दख्खनमध्ये सरकारी पाहणीच्या कामावर होता. त्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिलं आणि शास्त्रीय नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावंच घेतली. दगडाला चिकटून राहणारा मासा झाला 'मुल्या', म्हणजे आपला मळ्या. दुसरा झाला 'नुक्ता', म्हणजे नकटा, कारण त्याचं नाक तसंच बसकं दिसतं. म्हणजे आज जगातला कुठलाही शास्त्रज्ञ या माशांबद्दल लिहितो तेव्हा मराठी शब्द लिहितो. आणि मी शेजारच्या व्हाळातल्या माशाला फक्त 'छोटा मासा' म्हणत होतो.

आधी जागा बघा, मग काच घ्या

दुसऱ्या वेळी मी टँक विकत घ्यायच्या आधी व्हाळावर गेलो. पुढच्याच वर्षीचा नोव्हेंबर. पाऊस संपलेला, पाणी काचेसारखं. सोबत एक थर्मामीटर, एक टीडीएस मीटर, पीएचची टेस्ट किट आणि वही. टीडीएस मीटर म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र, ऑनलाइन दोनतीनशे रुपयांत मिळतं. टँकवरचा सगळ्यात उपयोगी खर्च हाच.

पहिली वीस मिनिटं काहीच केलं नाही, दगडावर बसून राहिलो. कारण आपण पाण्यात पाय टाकला की मासे गायब होतात. शांत बसलं की परत येतात. मग जे दिसलं ते लिहून काढलं.

तापमान सकाळी आठला २४. टीडीएस ४२, म्हणजे खूप मऊ पाणी. पीएच सातच्या आसपास. तळाला जाडसर वाळू, त्यात गुळगुळीत गोटे, मोठे दगड अर्धे पाण्याबाहेर. कडेच्या झाडांची मुळं पाण्यात लोंबतात. जिथे प्रवाह मंद, तिथे पानांचा थर. वरती झाडांची सावली, म्हणून ऊन तुकड्यातुकड्यांत पडतं. पाण्यातली झाडं फक्त काठाला, लांब पानांची, दोनचार ठिकाणी.

आणि मासे? पट्टेवाले सगळे मधल्या थरात, प्रवाहाकडे तोंड करून, जागच्या जागी पोहत होते. वरून वाहत येणारा किडा टिपायचा आणि परत आपल्या जागेवर यायचं. आता मला कळलं की दीड फुटी डबक्यात त्यांना मी काय काय दिलं नव्हतं. प्रवाह नव्हता, लांबी नव्हती, कळप नीट नव्हता, वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन नव्हता.

एप्रिलमध्ये परत गेलो. तोवर व्हाळ वाहायचा थांबला होता, तीनचार कोंडी उरल्या होत्या. कोंड म्हणजे खोलगट डोह. सगळे मासे त्यात दाटीवाटीने. हे पण लिहून ठेवलं, कारण याचा शेवटी संबंध येणार आहे.

टँकची बांधणी

आता कामाचं बोलू. माझा टँक ३६ इंच लांब, १५ रुंद, १५ उंच. काठोकाठ भरला तर १३० लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा धरता खरं पाणी १०० लिटरच्या आसपास. उंचीपेक्षा लांबीला पैसे घाला, ओढ्यातला मासा आडवा धावतो. स्टँड धरून वजन दोनशे किलोच्या जवळ जातं. म्हणून भिंतीला लागून, सपाट जागी ठेवा, आणि भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी सांगा. मी नंतर सांगितलं होतं. तो वेगळा एपिसोड होईल.

दगड आणि वाळू ओढ्यातून आणली नाही. खूप जणांना हे विचित्र वाटतं. पण ओढ्यातला प्रत्येक गोटा कोणाचं तरी घर असतं, त्याखाली किडे, खेकडे, छोटे मासे असतात. गोटे मी नर्सरीतून घेतले, वाळू बांधकामाची चाळून, दहाबारा पाण्यांनी धुवून. एक टेस्ट नक्की करा: दगडावर व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करणार. तो दगड बाद.

लाकडी मुळं आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवली, नाहीतर ती तरंगतात. पानं घेतली फणसाची आणि जांभळाची. झाडावरून तोडलेली नाहीत, आपोआप गळलेली, पूर्ण सुकलेली, आणि फवारणी नसलेल्या झाडाची. एक सावधगिरी: ओढ्याकाठी दिसतं ते सगळं टँकमध्ये चालत नाही. करंज आणि गेळा ही दोन्ही झाडं गावाकडे मासे गुंगवायला किंवा मारायला वापरतात. झाड ओळखता येत नसेल तर पान उचलू नका.

प्रवाहासाठी फिल्टरशिवाय एक वेव्हमेकर लावला, तासाला हजार लिटर पाणी ढकलणारा. म्हणजे टँकच्या पाण्याच्या दहापट. एका टोकाला लावला, लांबीच्या दिशेने. मोठ्या दगडामागे आपोआप शांत जागा तयार होते, तिथे पानं साचतात. हे मी डिझाइन केलेलं नाही. प्रवाह नीट दिला की बाकीचं पाणीच करतं.

लाईट मुद्दाम मंद, दिवसाला सात तास, टायमरवर. झाड एकच, क्रिप्टोकोरीन स्पायरालिस, आपल्या पश्चिम भारतातलंच. कोपऱ्यात चार रोपं. पाठीमागे काळा चार्ट पेपर. झालं.

पाण्याचं काय? माझ्या महापालिकेच्या नळाला मीटर शंभरच्या आसपास दाखवतो, ते चालतं. पण सोसायटीत टँकर आला की तोच आकडा सहाशेच्या वर जातो. त्या आठवड्यात आरओचं पाणी मिसळून आकडा खाली आणतो. लक्षात घ्या, आरओचं शुद्ध पाणी, त्याच्या नळीतून वाया जाणारं नाही. वाया जाणाऱ्या पाण्यात तर क्षार आणखी जास्त असतात.

मासे न घालता पाच आठवडे

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. माझे मासे कशाने मेले? प्रवास, ताण हे होतंच, पण टँकमध्ये आलेल्या सातांना मुख्यतः अमोनियाने मारलं.

मासा श्वास घेतो, खातो, शी करतो, त्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो, आणि पाण्याचा पीएच जितका जास्त तितका जास्त विषारी. निसर्गात एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. ओढ्यात प्रत्येक दगडावर, वाळूच्या प्रत्येक कणावर ही मंडळी असतात. नव्या टँकमध्ये कोणीच नसतं. पाणी स्वच्छ दिसतं, पण सिस्टिममध्ये बॅकएंडच नाहीये. आणि मी थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय केलं होतं. सात जिवांचं.

यावर उपाय म्हणजे सायकलिंग. टँक चालू करायचा, फिल्टर चालू, मासे नाहीत. जिवाणूंना खायला म्हणून थोडं माशांचं खाद्य टाकून सडू द्यायचं, किंवा अमोनियम क्लोराइड मोजून टाकायचं. मी दोन पीपीएम अमोनियापर्यंत ठेवायचो. मग दर दोन दिवसांनी टेस्ट किटने मोजायचं आणि लिहायचं.

पहिले दहा दिवस काहीच घडलं नाही. मग अमोनिया खाली यायला लागला आणि नायट्राइट वर चढला. तो तीन आठवडे वरच बसून राहिला. माझा रूममेट रोज विचारायचा, "तू पाणी पाळलंयस का?" पाचव्या आठवड्यात, संध्याकाळी अमोनिया टाकला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही शून्य. तेव्हा टँक तयार झाला.

घाई असेल तर मित्राच्या निरोगी टँकमधल्या फिल्टरचा जुना स्पंज मागून आणा, जिवाणू तयारच मिळतात. पण टेस्ट केल्याशिवाय मासे आणू नका. "पाणी स्वच्छ दिसतंय" ही टेस्ट नाही.

कोण राहणार?

मासे मी व्हाळातून आणले नाहीत. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात तर परवानगीशिवाय काहीही उचलणं गुन्हाच आहे. पण माझा व्हाळ अभयारण्यात नसला तरी तो हक्क मी एकदा वापरून झालो होतो.

दुकानात जायंट डॅनिओ मिळतो, फार्ममध्ये वाढवलेला, स्वस्त. आपल्या पट्टेवाल्या माशाचा अगदी जवळचा नातेवाईक. तंतोतंत तोच आहे असं मी म्हणणार नाही. या गटातले मासे एकमेकांसारखे इतके दिसतात की ओळख पटवणं तज्ज्ञांनाही अवघड जातं. बायोटोपच्या स्पर्धेत माझे मार्क कापतील. कापू देत. ओढ्यातून न उचलता जितकं जवळ जाता येईल तितकं मी गेलो.

आठ घेतले. आधी चार, तीन आठवड्यांनी चार, म्हणजे जिवाणूंवर एकदम लोड नको. हा मासा दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणून तीन फुटी टँकला आठ पुरे. आणि हो, झाकण! डॅनिओ उडी मारतो. माझ्या झाकणाला वायरसाठी दोन इंचांची फट होती. एक त्यातून बाहेर आला, सकाळी सोफ्याखाली सापडला. म्हणजे खरं तर मी नऊ घेतले होते. नववा माझ्या फटीने घेतला.

सोडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ते सगळे वेव्हमेकरच्या समोर गेले आणि प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी पोहायला लागले. मी वही काढून व्हाळावरचं पान उघडलं. तेच वाक्य लिहिलेलं होतं. त्या दिवशी टँकसमोरून उठवलं नाही.

मेंटेनन्स: आठवड्याला अर्धा तास

आता ज्यांना वाटतं की हे खूप काम आहे, त्यांच्यासाठी माझं रुटीन.

रोज: मासे मोजायचे. आठ आहेत का, सगळे खातात का, कोणी कोपऱ्यात बसलंय का. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यात एक दिवस उपास. एकादशी धरा हवं तर.

दर रविवारी: २५ लिटर पाणी काढायचं, तेवढंच नवीन घालायचं. नव्या पाण्यात आधी क्लोरीन घालवायचे थेंब, तापमान जवळपास सारखं. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात. नायट्रेट २०च्या खाली राहिलं की समजायचं प्रमाण बरोबर आहे.

महिन्यातून एकदा: फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली कधीही नाही. क्लोरीनने तुमचे पाच आठवडे एका मिनिटात वाहून जातील. कुजून जाळी झालेली पानं अर्धी काढायची, अर्धी नवीन टाकायची. सगळी एकदम बदलायची नाहीत.

दगडावर शेवाळ येतं. पुढची काच पुसतो, दगड पुसत नाही. ओढ्यात कोणी दगड घासत नाही.

उन्हाळा हा खरा पेपर. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि ओढ्याच्या माशांना तोच जास्त लागतो. मे महिन्यात माझं पाणी ३१पर्यंत जातं. मी झाकणाच्या जागी जाळी बसवतो आणि पाण्यावर छोटा फॅन लावतो. बाष्पीभवनाने दोनतीन डिग्री उतरतात. पाणी आटतं ती भर मात्र आरओच्या पाण्याने घाला, कारण आटताना क्षार मागेच राहतात आणि आकडा चढत जातो.

लाईट गेली तर? बॅटरीवर चालणारा एअर पंप दारात ठेवलेला असतो. बंद डब्याचा फिल्टर कित्येक तास बंद राहिला असेल, तर आतलं कुबट पाणी फेकून, स्पंज टँकच्या पाण्यात पिळून मगच चालू करा.

आणि जूनमध्ये एक गंमत. पहिला पाऊस पडला की मी दोन आठवडे जास्त पाणी बदलतो, थोडं गार. वेव्हमेकर वाढवतो. गेल्या जूनमध्ये तिसऱ्या दिवशी पहाटे नर माद्यांच्या मागे लागले आणि झाडाच्या पानांवर अंडी विखुरली. तासाभरात बरीचशी त्यांनीच खाल्ली. पण त्या फार्ममधल्या माशांना पाऊस आल्याचं कळलं, हे बघून मी ऑफिसला लेट लॉगिन केलं.

कोंडीतली पावडर

आता जे बोलणार आहे ते बोलू की नको, असं झालं होतं.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो. पहाटे वही घेऊन व्हाळावर उतरलो, आणि वरच्या कोंडीजवळ पोहोचायच्या आधीच वास आला. स्विमिंग पूलचा वास. कोणीतरी रात्री ब्लिचिंग पावडर टाकली होती. मासे पकडायची ही सोपी पद्धत झालीय: पावडर टाकायची, मोठे मासे वर आले की गोळा करायचे. लहान तसेच सोडून द्यायचे. काठाला पांढरा थर होता, तो बोटाएवढ्या माशांचा होता. पट्टेवाले. दगडाला चिकटून राहणारे. खेकडेसुद्धा.

मी तिथे बसून राहिलो. आणि प्रामाणिकपणे सांगतो, पहिला विचार आला की बरं झालं, माझ्याकडे आठ आहेत. पावसाळ्यात आणून सोडतो.

मग डोकं जागेवर आलं. माझे आठ या व्हाळाचे नाहीतच. कुठल्यातरी फार्मवर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले, त्यांच्यासोबत कुठले आजार येतील सांगता येत नाही. ते इथल्या माशांशी मिसळले तर इथला मासा इथला राहणार नाही. आपल्या नद्यांमध्ये आज तिलापिया सगळीकडे दिसतो, तो १९५२ मध्ये बाहेरून आणलेला. काच साफ करायला म्हणून विकला जाणारा सकर फिश अनेक तलावांत सापडतो, तो कोणाच्या तरी टँकमधूनच गेलाय. त्या प्रत्येकाने 'जीव वाचवला' असंच म्हटलं असणार.

म्हणून हे जरा ठळक करून लिहितो: टँकमधला मासा, झाड, गोगलगाय, काहीही, कधीही नदीत किंवा तलावात सोडू नका. देशी असलं तरी नाही. घर बदलताय, परदेशी चाललाय, कंटाळा आलाय, तर दुकानात परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. मी माझे आठ कोणाला द्यायचे ते आजच ठरवून ठेवलंय.

मग मी काय केलं? फार काही नाही. दुपारी मामेभावाच्या पोरांना आणि त्यांच्या मित्रांना मोबाईलवर टँकचा व्हिडिओ दाखवला. पहिली प्रतिक्रिया काय? "काका, ह्यो तर आपल्या व्हाळातलो मासो!" पुण्याच्या हॉलमध्ये, काचेत, लाईटखाली आपल्या व्हाळासारखा मासा बघून त्यांचे डोळे मोठे झाले. मग आम्ही खालच्या कोंडीवर गेलो. तिथे पावडर पोहोचली नव्हती. वीस मिनिटं शांत बसायचं, ही अट घातली. त्यांनी सात मिनिटं पाळली. तेवढ्यात त्यांनी पाच प्रकारचे मासे मोजले. मी तीनच मोजले होते.

आजोबा आता व्हाळावर उतरत नाहीत, गुडघे दुखतात. त्यांना संध्याकाळी पावडरीचं सांगितलं. बराच वेळ गप्प राहिले. मग पोरांना बोलावून म्हणाले, खालच्या कोंडीवर लक्ष ठेवा, कोण दिसलं तर मला येऊन सांगा. दिवाळीत गेलो तेव्हा वरच्या कोंडीत पट्टेवाले परत दिसले. पावसात बाकीच्या कोंडींमधून सरकले असणार. किती आणि कुठले परत आले नाहीत, ते कळायला मला अजून काही वर्षं वहीत लिहावं लागेल.

माझा टँक व्हाळ वाचवत नाही. शंभर लिटर पाणी आहे ते. पण पाच वर्षांपूर्वी ती कोंड मेली असती तर मला कळलंही नसतं की काय मेलं, कारण मला कोणाचं नावच माहीत नव्हतं.

तर या आठवड्याचा होमवर्क. टँक विकत घेऊ नका. घराजवळचा ओढा, नदी, तलाव, काहीही गाठा. पावसाच्या पुरात नको, दिवसाउजेडी, कोणाला तरी सोबत घेऊन. वीस मिनिटं बसा, मोबाईल खिशात ठेवा, माझा पॉडकास्टसुद्धा बंद करा. काय दिसलं ते लिहा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. ते करून आलात की मग टँक कितीचा घ्यायचा, यावर बोलू.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या. आणि टँक असेल घरी, तर झाकणाची फट एकदा बघून घ्या.